मागच्या खोलीतली मुलगी

माझी भवानी अत्या ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत कारकून होती. रोज तंजावूरहून बसने जायची, यायची, आणि रेडिओवर गाणं लागलं की उठून दुसऱ्या खोलीत जायची. लहानपणी तिला गाणं शिकायला तिरुवैयारूला सेतुमाधवरावांच्या घरी ठेवलं होतं. वर्षभरात ती परत आली. गळा बसला, असं घरात सांगायचे. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कुणी जास्त विचारलं नाही. आमच्या लोकांना चौकशा फक्त सोयरिकीच्या वेळी सुचतात.

दोन हजार दोनच्या मे महिन्यात मी, नित्या, तेरा वर्षांची होते. जूनपासून मलाही त्याच घरी ठेवायचं ठरलं होतं. तेवढ्यात आमच्या तंजावूरच्या मराठी समाजाच्या इंटरनेटवरच्या गटात एक निनावी मेल आली. माझे वडील मुरली, आमचे अप्पा, ब्राउझिंग सेंटरमधून ती छापून घेऊन आले आणि जेवणं चालू असताना मोठ्याने वाचू लागले. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं आमचं मराठी होतं ते. लिहिणारी म्हणत होती, सेतुमाधवरावांकडे शिकत असताना पाळी आली की मला मागच्या खोलीत वेगळं बसवायचे. तिकडे कुणी फिरकत नसे. ते दुपारी आले, माझ्या अंगावर हात टाकला, आणि नंतर विहिरीवर जाऊन आंघोळ केली.

मेलखालच्या उत्तरांत लोकांनी तिला सोलून काढलं होतं. नाव नाही, पुरावा नाही. आणि सगळ्यांचा मुद्दा एकच : एवढ्या कडक सोवळ्याचा माणूस बाहेर बसलेल्या मुलीला शिवेलच कसा? अप्पाही तेच लिहून आले होते.

"मडीचा माणूस तो," अप्पा म्हणाले. आमच्याकडे सोवळ्याला मडी म्हणतात. "इथंच तिचं खोटं उघडं पडतं."

अत्याने ताट सारलं. "अण्णा, कोणी येत नाही म्हणूनच तो तिथं येतो. हें मी लिहिलें नाही. पण त्या खोलीत मीही बसले होते. नंतर त्यानें विहिरीवर आंघोळ केली, तें पाणी ओतलेलें मीही ऐकलें."

अप्पांचा चेहरा उतरला. "मग तेव्हां कां सांगितलें नाहीस?"

"तुलाच सांगितलें. पोंगलला न्यायला आला होतास. मडीचा माणूस शिवत नाही, उगीच बोलू नको, म्हणालास."

आईने मला जवळ ओढलं.

"नित्याला पाठवत नाही," अप्पा म्हणाले.

"तेवढें पुरत नाही. गटावर लिही. ती पोर खरं सांगते, मला ठावूक आहे, म्हणून लिही. माझं नाव नको."

"नावाशिवाय कोण खरं मानेल?"

"मग घाल माझं नाव!" अत्या ओरडली. तिने अप्पांचे दोन्ही हात धरले होते. "पाया पडते, अण्णा. घाल."

"घराची अब्रू आहे, भवानी," अप्पा म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

त्यांनी काही लिहिलं नाही. मुलीचा अभ्यास आहे, असा निरोप तिरुवैयारूला गेला. जूनमध्ये कुंभकोणमच्या एका मुलीला माझ्या जागी ठेवायचं ठरलं. तिच्या वडिलांनी आधी आमच्याकडे फोन करून विचारलं, ती मेल वाचली, माणूस कसा आहे? अत्या समोरच उभी होती. अप्पांनी तिच्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "फार सज्जन. काळजी करू नका."