तयार मूर्तींची खोली

हमरापूरच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यातला कॉम्प्युटर फार रखडायचा, म्हणून मी त्यातली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम नव्या डिस्कवर हलवली. ती सुरू झालेली बघून खुशीत जुन्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं, म्हणजे तिच्यातले वेगवेगळे कप्पे, पुसली. बॅकअप घ्या म्हणून गावभर सांगत फिरणारा मी.

त्यातल्या एका पार्टिशनमध्ये बाबांनी डोळे आखलेल्या मूर्तींचे फोटो होते. तयार मूर्ती मातीच्या खोलीत ठेवायची नाही, हा बाबांचा नियम. फोटोंसाठीही त्यांनी माझ्याकडूनच त्या पार्टिशनची वेगळी खोली करून घेतली होती, आणि ती हलवायला मीच विसरलो.

"जाऊ दे. गणपती तरी कुठं आपल्याकडं राहतात," बाबा म्हणाले.

आता त्यांचा हात थरथरतो. यंदा डोळे मी आखले, समोर ठेवायला त्यांनी आखलेल्या डोळ्यांचा एकही फोटो नसताना.