रेडिओचा नवा मालक

आमचं रेडिओ केंद्र विकायला निघालंय, ही बातमी मला केंद्रातल्या कुणी सांगितली नाही. ती भुईगावच्या माझ्या थोरल्या जावेने फोनवर सांगितली आणि तिला ती बाजारात कळली होती. मी त्या वेळी त्याच केंद्रात बसून चहा पीत होते. यावरून आमच्याकडचा कारभार कसा होता ते लक्षात यावं.

केंद्र म्हणजे वसई पूर्वेला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या, गच्चीत एक मनोरा आणि वसई-विरारच्या पलीकडे फारसा न पोचणारा आवाज. शाळेतली नोकरी संपल्यावर मी तिथे रोज दुपारी तासभर बोलायला लागले. कार्यक्रम आमच्या घरच्या बोलीत असायचा. सुरुवात ठरलेली, "काय गो बायांनो, पानी आलं काय?" कारण तीच वेळ नळाला पाणी यायची. मग बायकांचे मेसेज सुरू व्हायचे. आगाशीला आलं, निर्मळला करंगळीएवढी धार आहे, फुलपाड्यात कालपासून थेंब नाही. मी ते वाचून दाखवायचे, मध्ये एखादं गाणं, एखादी भाजी, कुणाच्या सुनेचं कौतुक. जिथे पाणी नसेल तिथलं पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन लावायचे. त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्याशिवाय "चारला येईल" असं मी कधी बोलले नाही. म्हणून मी चार म्हटलं की बायका चारला हंडे लावायच्या. वयाच्या साठीनंतर माणसाच्या शब्दावर कुणी हंडे लावतं, यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

पहिला मेसेज कायम जावेचा असायचा. तिच्या वाडीत विहीर आहे, नळाच्या पाण्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तरी ती स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसायची आणि मी जे विचारीन त्याचं उत्तर चुलीपाशीच मोठ्याने द्यायची. दीर सांगायचे, "तुम्ही तिथं बोलताय नि ही इथं भांडतेय तुमच्याशी."

तर विक्रीची बातमी आली आणि केंद्रात काम असं उरलंच नाही. आम्ही तिघंच कायमचे. मी, सकाळचा निवेदक आणि यंत्रं सांभाळणारा एक तंत्रज्ञ. तिघांनी मिळून ज्या कंड्या पिकवल्या त्यांना तोड नाही. तंत्रज्ञाच्या मते केंद्र एक बिल्डर घेणार होता, कारण जाहिरातींत टॉवर वाढले होते. निवेदकाची खात्री होती की भजनं वाजवणारी कुठली तरी मंडळी घेणार, कारण पहाटेची भजनं अर्ध्या तासाने लांबली होती. ती लांबली कारण सकाळी त्यालाच जाग येत नव्हती, पण हे त्याला कोण सांगणार. मध्येच गुजराती मालक येणार अशी हवा झाली तेव्हा या पठ्ठ्याने "केम छो" म्हणून कार्यक्रम सुरू केला. दुसऱ्या दिवशी एक पुढारी घेणार असं कळल्यावर तो पुन्हा "जय महाराष्ट्र" वर आला. घड्याळ बदललं की आम्ही अर्थ काढायचो, खुर्ची हलली की अर्थ काढायचो. ज्याला ज्याची भीती, तोच त्याला मालक दिसत होता.

मला कुणाची भीती होती? मला एकच विचारायचं होतं, माझा तास राहणार की जाणार. मालक बिल्डर असो नाहीतर बैरागी. जाऊ रोज फोन करून तेच विचारायची आणि मी रोज तिला नवा अंदाज सांगायचे. "राहील गो तुजा," ती म्हणायची, "तुजा नाय ठेवला तर कोनाचा ठेवतील?" मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग एक दिवस खालच्या वॉचमनने सांगितलं, उद्या मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. आता आमच्याकडे दारी कुणी मोठा माणूस आला की त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. मी जावेला कळवलं. तिने रातोरात वाडीतला सोनचाफा खुडून ओल्या फडक्यात बांधला आणि घरची राजेळी केळी उन्हात वाळवून केलेल्या सुकेळ्यांची, केळीच्या सुक्या सोपटात बांधलेली दोन पुडकी दिली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या शुभ्र शर्टातले एक गृहस्थ वर आले. आम्ही तिघांनी त्यांना खुर्ची दिली, चाफा दिला, सुकेळी पुढे केली. त्यांनी भिंती पाहिल्या, खिडकीतून वाकून खाली पाहिलं, रोज किती तास चालतं ते विचारलं. निवेदकाने तिथल्या तिथे उभं राहून केंद्राचा सगळा इतिहास तीन भाषांत ऐकवला. ते सगळ्याला मान डोलवत होते. शेवटी मी धीर केला आणि विचारलं, "साहेब, माझा दुपारचा कार्यक्रम राहील ना?" तोंडातली सुकेळी गिळून ते म्हणाले, "राहील की ताई! का नाही राहणार?"

त्या संध्याकाळी जावेने देवापुढे साखर ठेवली. मी घरी जाताना रिक्षावाल्याला सुटे पैसे परत न घेता सोडलं.

दोन दिवसांनी तंत्रज्ञाने चौकशी केली. ते गृहस्थ वालीवच्या एका वर्कशॉपमधून आले होते, जुना जनरेटर दुरुस्त करायचा की भंगारात घालायचा ते बघायला. मोठे साहेब असं काही नव्हतंच. निवेदक खो खो हसला. मलाही हसू आलं, पण ते ओठांतच राहिलं. वाईट त्या माणसाचं वाटलं नाही, त्याने एका बाईला बरं वाटेल असं उत्तर दिलं एवढंच. वाईट याचं वाटलं की आमच्या सगळ्या अकलेचे तारे तोडून झाल्यावर आम्हाला ठाम उत्तर देणारा माणूस जनरेटरवाला निघाला.

खरा मालक आलाच नाही. आली ती एक मेल. आमच्या एकाही अंदाजात न बसणारी, कधी नाव न ऐकलेली कुठली तरी कंपनी होती आणि तिने अशी बरीच केंद्रं एकगठ्ठा घेतली होती. मेलमध्ये लिहिलं होतं की दिवसभर जुनी हिंदी गाणी वाजतील, स्थानिक रंग मात्र जपला जाईल. स्थानिक रंग म्हणजे मीच, असं आम्हा तिघांचं एकमत झालं. पुढच्याच आठवड्यात मला कळवण्यात आलं की उद्यापासून येण्याची गरज नाही. निरोपाचा कार्यक्रम करू दिला नाही. ज्या बायकांशी रोज बोलले त्यांना "येते गो" म्हणायची सोयही ठेवली नाही. मी घरी आले आणि दुपारी पाण्याच्या वेळेला बसून रडले. नवरा म्हणाला, "होतं असं." त्यालाही मी चार शब्द सुनावले.

महिनाभर रेडिओ लावला नाही. मग एकदा किराणाच्या दुकानात उभी असताना माझाच आवाज कानावर आला. "काय गो बायांनो, पानी आलं काय?" आणि लगेच एक हिंदी गाणं. जुनं रेकॉर्डिंग वापरलं होतं. राग आला, पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटलं. म्हटलं, चला, निदान आठवण तरी आहे.

पावसाळ्यात त्याच दुकानात ते बरं वाटणंही संपलं. माझा आवाज म्हणाला, "चला गो, पोरांना घेऊन चिंचोटीच्या धबधब्याला, रिसॉर्टवर मस्त सोय हाय." हे मी कधीही बोललेले नव्हते. दर पावसाळ्यात मी ओरडून सांगायचे की चिंचोटीला जाऊ नका, पोरं बुडतात. पण आवाज माझाच होता. तोच हेल, "गो"च्या नंतर मी घेते तोच श्वास. सामान दुकानाच्या फळीवर तसंच सोडून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेले. माझ्या जागी एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर एक तरुण मॅनेजर, बोलायला अगदी गोड. "मॅडम, तुमचा टोनच एवढा घरचा आहे ना, लिसनर लगेच कनेक्ट होतो. म्हणून आम्ही सॉफ्टवेअरला तुमची जुनी रेकॉर्डिंग्ज दिली. आता स्क्रिप्ट टाकली की तुमच्या आवाजात होऊन जातं. तुम्हाला काही त्रासच नाही." मी म्हटलं, मी हे बोललेले नाही. तो म्हणाला, "हो ना, तेच तर. बोलायची गरजच नाही." रेकॉर्डिंग केंद्राची, केंद्र विकलं तर तीही विकली, असं त्याने मला पाणी वगैरे देऊन नीट समजावलं. आम्ही महिनोन् महिने अंदाज बांधत बसलो, कोण घेईल, काय वाजवील, कोणाला ठेवील, कोणाला काढील. मला काढूनही ठेवता येईल हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. वकिलाकडे गेले. त्याने ऐकून घेतलं, बघू म्हणाला आणि अजून बघतोच आहे.

जावेला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला सॉफ्टवेअर काय समजावू, आणि मलाच ते तोंडाने बोलायची लाज वाटत होती. ती आपली रोज रेडिओ ऐकत होती. मला वाटायचं, मी घरी बसले ते तिला माहीत आहे, म्हणजे तिला कळत असणार.

या उन्हाळ्यात तिचा फोन आला. आवाज चढलेला. धाकट्या मुलासाठी त्यांनी फुलपाड्याच्या बाजूला एका नव्या टॉवरमध्ये घर घेतलं होतं आणि तिथे नळाला पाणीच नव्हतं. टँकर येतो तोही दिवसाआड आणि सून बादल्या घेऊन जिन्यात उभी असते. "तुज्या शब्दावर घेतलं गो आमी," ती म्हणाली. "तूच रेडिओवर म्हनालीस ना, हिथं पानी कदी जात नाय. रोज म्हनत व्हतीस. मला वाटलं, आता घरातूनच बोलतेस. मी ह्यांना सांगितलं, ती पान्याचं खोटं बोलनार नाय."

मी म्हटलं, "वहिनी, ती मी नव्हते."

"आवाज तुजाच व्हता."

"आवाज माझाच होता. पण मी नव्हते बोलत." मग मी तिला सगळं सांगितलं, जमेल तसं. मशीन, रेकॉर्डिंग, मॅनेजर. ती पदर तोंडाशी धरून ऐकत असणार, तिची सवय आहे. शेवटी एवढंच म्हणाली, "मी तर रोज उत्तर देत व्हते तिला." आणि फोन ठेवला.

ती माझ्यावर रागावली असती तर मला चाललं असतं. दोन दिवसांनी मी गेले असते, पाया पडले असते, आम्ही दोघी रडलो असतो आणि मिटलं असतं. ती रागावलेली नाही. चार माणसांत भेटली की पूर्वीसारखीच वागते, माझ्या आवडीचं करून वाढते.

पण मी फोन केला की लगेच बोलत नाही. आधी विचारते, "सांग बगू, माज्या मागल्या दाराला काय लावलंय?"

मी म्हणते, "अळू."

"आनि त्याच्या बाजूला?"

"हळद."

मग ती म्हणते, "हां. बोल गो."