न हुंगता पाठवलेला मसाला

सदरच्या बाजारात मुख्य रस्त्यावरून आत वळलं की एक शिंपी बसतो आणि त्याच्यापुढे घड्याळं दुरुस्त करणारा. त्या दोघांच्या मधे एक अरुंद दुकान आहे. पाटी हिंदीत आहे, पण उंबरा ओलांडला की मराठी सुरू होते. तुम्ही दोघं लहान असताना मी तुम्हांला तिथे नेलं होतं. धाकट्याने दारातच नाक मुठीत धरलं होतं, आणि मोठी म्हणाली होती, "आजी, इथे सगळे वास एकदम बोलतात."

माझ्या घरून, महाराजपुराहून, तिथे जायला ऑटोने बराच वेळ लागतो. तेल, साखर, डाळी घराजवळही मिळतात. तरी महिन्यातून एकदा मी यादी करून निघते. यादी इंग्रजीत असते, कारण मला शाळेपासून तशीच सवय. दुकानात पोचल्यावर मात्र ती पर्समध्येच राहते. तिथे गेल्यावर माणूस यादीप्रमाणे वागत नाही. आधी काचेच्या बरणीतल्या मुगवड्यांकडे लक्ष जातं. उन्हात वाळून त्या पितळेच्या रंगाच्या झालेल्या असतात, आणि तराजूत पडताना हलकेच खुळखुळतात. मग आमसुलं, काळी, ओलसर, एकमेकांना बिलगलेली. मी पाव किलो घ्यायला जाते आणि अर्धा किलो घेऊन येते. शिंगाड्याचं पीठ आपल्याच मुलखातलं, सिहोऱ्याकडच्या तळ्यांतलं. ते बोटांत धरलं तर चंदनाच्या पावडरीसारखं मऊ लागतं. मेतकूट, भाजणी, देठासकट वाळवलेल्या लाल मिरच्या. दुपारच्या वेळी दारातून एक उन्हाची पट्टी आत येते आणि तिच्यात मसाल्याची धूळ तरंगत असते. मी स्टुलावर बसते आणि काय घ्यायचं होतं ते विसरून त्या धुळीकडे बघत राहते. असं विसरणं मला दुसरीकडे कुठेही परवडत नाही.

दुकान नवरा-बायको चालवतात. नवऱ्याचे आजोबा अमरावतीकडून इथे हिंदी मुलखात आले. मी त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणते, ते मला काकू म्हणतात. या दुकानाची एक रीत आहे: माल आधी हुंगायला मिळतो, मग तोलला जातो. भाऊ चिमूटभर काढून तळहातावर ठेवतात आणि आपल्या तोंडाकडे बघत उभे राहतात.

सगळ्यांत मोठी रीत काळ्या मसाल्याची. दिवाळीआधी वहिनी मागच्या खोलीत मोठ्या कढईत दहा-बारा घरांचा मसाला एकदमच भाजतात, आणि तिथेच तो कांडला जातो. भाजायच्या आधी खोबऱ्याचं पोतं उघडतं. भाऊ त्यातली एक वाटी फोडतात आणि तुकडा माझ्या हातात देतात. मी हुंगून "होय" म्हणेपर्यंत शेगडी पेटत नाही. हा मान मला असा मिळाला. पुष्कळ वर्षांपूर्वी सगळे "चांगलं आहे" म्हणत असताना मी एकटीच खोबरं खवट आहे म्हणाले होते, आणि ते खरं निघालं. तेव्हापासून दुकानात कुणी विचारलं की भाऊ एवढंच सांगतात, "काकूंनी हुंगलंय."

त्याच मसाल्याचं एक पाकीट दर वर्षी तुमच्याकडे येतं.

आता जे सांगायचं ते सांगते. श्रावणात मला आठवडाभर ताप होता. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. मला ते लगेच कळलंही नाही. एका सकाळी मी वर्तमानपत्र वाचत होते, आणि स्वयंपाकघरातून धूर येताना दिसला. दूध जळून पातेल्याला काळं कडं बसलं होतं. मी त्या पातेल्यावर वाकून खोल श्वास घेतला. काहीच नाही. साबण, उदबत्ती, आलं, सगळं हुंगून पाहिलं. स्वच्छ पांढऱ्या भिंतीला नाक लावावं तसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, परत येईल, कदाचित नाहीही येणार.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. तुमच्या आईला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी माझ्या गॅसचा आणि माझा काहीतरी बंदोबस्त केला असता. पण ते खरं कारण नव्हतं. तुमच्या घरी माझं म्हणून जे पोचतं ते त्या पार्सलमधून. फोनवरचं बोलणं अर्धं तुटतं, उरलेलं घाईत होतं. मसाला मात्र तुमच्या भाजीत वर्षभर राहतो. तो मी माझ्या नाकाने निवडते, म्हणून तो माझा. नाकच गेलं तर तो कोणत्याही दुकानातून कोणीही पाठवावा, त्यात मी कुठे? एवढीच भीती होती, पण तिने मला गप्प बसवलं.

त्या दिवसांत एक नवल घडत होतं. दुपारी डोळा लागला की मला दुकान दिसायचं, आणि स्वप्नात वास यायचे. खरे वास, एकेक वेगळा. मी बरणीमागून बरणी उघडत जायची. मेतकुटाचा कोमट, पोरांच्या टाळूसारखा वास. मिरचीचा वास, जो नाकात शिरायच्या आधी डोळ्यांत शिरतो. एका बरणीत माझ्या आईच्या ओल्या केसांचा वास निघाला, आणि भाऊ तराजू पुसत म्हणाले, "हे मोजून नाही देता येत, काकू." जाग आली की मी तशीच पडून राहायची, श्वास धरून, जणू हललं तर सांडेल.

मग आश्विनात भाऊंचा फोन आला, खोबरं आलंय. मी गेले. मुगवड्या घेतल्या, एक आमसूल तोंडात टाकलं. आंबट तेवढं मला अजून कळत होतं. भाऊंनी वाटी फोडली आणि तुकडा हातात दिला. मी तो नाकाशी धरला. पांढरी भिंत. मी डोळे मिटले आणि स्वप्नातलं खोबरं आठवायचा प्रयत्न केला.

"काहून काकू, इतका वेळ? आज खोबरंच तुमची परीक्षा घेऊन राहिलं का?"

"चांगलं आहे," मी म्हटलं.

"चलो! पेटवा जी!" भाऊंनी आत आवाज दिला.

आठ दिवसांनी मी तुमच्या पार्सलसाठी मेतकूट आणायला पुन्हा गेले. मसाल्याचं पाकीट घरी तयार होतं, फक्त डबा बांधायचा होता. दुकानात एक तरुण मुलगी उभी होती. नवरा सैन्यात, सहा महिन्यांपूर्वी साताऱ्याकडून इथे बदली होऊन आलेले. तिच्या हातात आपल्याच मसाल्याचं पाकीट होतं.

"दादा, राग मानू नका," ती म्हणत होती, "पण मसाला खवट आहे. सासूबाई आल्यात. पहिल्याच घासाला त्यांनी भुवया वर केल्या."

"असं होऊच नाही शकत, मॅडम. आमचा काळा मसाला तुमच्या गोड्या मसाल्यासारखा नसते. कडक असते. तुमाले सवय नाही."

"मला गोडा कळतो, काळाही कळतो. आणि खवटही कळतं."

"हे खोबरं काकूंनी हुंगलं होतं." भाऊंनी माझ्याकडे हात केला. "ह्या काय उभ्या आहेत. काकू, तुम्हीच सांगा आता." आणि पाकीट उघडून माझ्यापुढे धरलं.

मी पाकीट घेतलं. त्यात नाक घालून पाहिलं, कारण दुसरं काय करणार? वर पाहिलं तेव्हा त्या मुलीचा चेहरा लाल झाला होता. ती माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत होती आणि मागे सरायच्या तयारीत होती. "कदाचित माझंच चुकत असेल," ती हळूच म्हणाली. मी नुसती मान हलवली असती तर ती घरी जाऊन सासूपुढे खाली मान घालून बसली असती, आणि तुमचं पार्सल दुसऱ्या दिवशी निघालं असतं.

"भाऊ, मला वास येत नाही," मी म्हटलं.

"सर्दी झाली का?"

"सर्दी नाही. वासच गेलाय. श्रावणापासून. त्या दिवशीही येत नव्हता. मी उगाच होय म्हटलं."

 भाऊंनी तराजूचं एक पारडं उगाचच सरळ केलं. मागच्या खोलीतून वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"म्हणूनच म्हटलं! दोन महिने झाले, काकू सगळ्यालेच चांगलं म्हणून राहिल्या. मले वाटलं, वयाने स्वभाव सुधारला."

ती तरुण मुलगी आधी हसली, मग तिने तोंडावर हात ठेवला. मग मीही हसले. पण वहिनी लगेच गंभीर झाल्या. "खरं सांगू काकू? मलेबी भाजताना शंका आली होती. खोबरं कढईत पडलं तेव्हाच. पण म्हटलं, काकूंनी हुंगलंय, आपण काहून तोंड उघडावं?"

ते ऐकून मला जास्त लाज वाटली. माझं नाक बंद होतं ते ठीक, त्याला इलाज नव्हता. पण माझ्या शब्दाखाली एक चांगलं, जिवंत नाकही बंद होऊन बसलं होतं.

भाऊंनी त्याच वेळी सगळ्या घरांना फोन लावायला सुरुवात केली. "मसाला परत आणून द्या जी, दुसरा करून देतो. हो, हो, आमचीच चूक." एका फोनवर मी त्यांच्या हातातून मोबाईल घेतला आणि म्हटलं, "चूक माझी आहे." पलीकडच्या बाई म्हणाल्या, "अहो काकू, आम्ही तर सगळा मसाला खाऊन संपवत आणला!"

गुरुवारी नवं खोबरं आलं. मी न जायचं ठरवलं होतं, पण वहिनींनी बोलावून घेतलं. ती सातारची मुलगीही आली होती. खोबरं या वेळी तिने हुंगलं, मग वहिनींनी, मग भाऊंनी, आणि तिने दोन तुकडे बाजूला काढून भाऊंना दुसरं पोतं उघडायला लावलं. मी मागच्या खोलीच्या दारात स्टुलावर बसले होते. मला वाटलं, आपण आता इथे फक्त गिऱ्हाईक.

कढईत धने झाले, खसखस झाली. दगडफूल हातात घेऊन मुलीने नाक मुरडलं. "याला तर काहीच वास नाही, काकू."

"कच्च्याला नसतोच. तेलात पडू दे."

"पण मग काढायचं कधी? कसा वास यायला हवा?"

वहिनी म्हणाल्या, "मी तर हाताच्या सवयीने काढते बाई. काकूंना विचार, त्यांना बोलता येते."

मी डोळे मिटले. मला दुपारच्या स्वप्नातली ती बरणी दिसली. "आधी ओल्या झाडाच्या सालीसारखा येईल," मी सांगितलं. "तेव्हा काढू नकोस. मग विहिरीत वाकून पाहिल्यावर येतो तसा, गार दगडाचा. आणि मग एकदम आईचं शालींचं कपाट उघडावं तसा. तेव्हा लगेच काढ, नाहीतर कडवट होईल."

ती कढईवर वाकली. "साल... सालच आहे अजून." झारा फिरत होता. "आता... अय्या, हो, विहीर!" वहिनी हसू लागल्या.  दुकानाच्या दारातली उन्हाची पट्टी आतल्या शेगडीपर्यंत आली होती आणि धूर तिच्यातून निळसर होऊन वर जात होता. "कपाट! काकू, कपाट उघडलं!" तिने दगडफूल ताटात उपसलं.

मला वास आला नाही. तुम्हांला वाटेल की त्या क्षणी आला असेल, पण नाही आला. फक्त तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की तो आला आहे, आणि बरोबर आला आहे. मग तमालपत्र, लवंग, मोठी वेलची, नागकेशर, एकेकासाठी ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला.

तर या वर्षीचं पाकीट हे आहे. ते मी हुंगलेलं नाही. तीन जणांनी हुंगलं आणि मी नुसतं सांगितलं. तुमच्या आईला मी स्वतः फोनवर सगळं सांगणार आहे, तोवर हे पत्र तिला दाखवू नका. तुम्ही दर वर्षी पाकीट उघडून "छान आहे, आजी" म्हणता आणि फोन एकमेकांकडे देता. या वर्षी तसं करू नका. चिमूटभर मसाला गरम तेलात टाका, खिडकी उघडी ठेवा म्हणजे तुमच्या छतावरचा तो धुराचा भोंगा ओरडणार नाही, आणि दोघांनीही कढईवर वाका. मग मला सांगा, कसा वास येतो. कशासारखा. मराठीत शब्द सापडला नाही तर इंग्रजीत सांगा, मला दोन्ही कळतात. वाईट येत असला तर वाईट म्हणा. घाई करू नका, मी ऐकत बसेन.