जयभीमचं उत्तर

मुंबईला नेमकं काय शिकते, हे आमच्या कामरगावात सांगता सांगता माझंच तोंड दुखायचं. वाचा-उपचार, तिसरं वर्ष. शेजारची मामी म्हणायची, "बोलनं शिकवाचं कॉलेज? कायले वं बाई? पोरं तं आपोआपच बोलतात. गप बसवाचं कॉलेज काढा म्हना एखादं, माह्या घरातले सारेच धाडतो." मी चिडायची. बाबा मात्र हसत हसत सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचे, "माही पोरगी मुक्यायले बोलतं करन, पाहून घ्या!"

बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तरी घरातला आवाज तोच, शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. त्याच बाबांना लकवा मारला. मी परीक्षा संपताच मिळेल त्या गाडीनं घरी आले, तर उजवा हात लुळा पडलेला आणि तोंडात एकच शब्द उरलेला. जयभीम.

पाणी पाहिजे, जयभीम. पंखा बंद करा, जयभीम. राग आला तरी जयभीमच, फक्त दातओठ खाऊन. या आजाराला अफेजिया म्हणतात. माणसाला काय म्हणायचंय ते ठाऊक असतं, शब्द हाताला लागत नाही. कधी कधी जन्मभर घोटलेला एखादाच शब्द तेवढा वाचतो आणि दर वेळी तोच पुढे येतो. हे सगळं मी नुकतंच पेपरात लिहून आले होते. चांगलं लिहिलं होतं. आग लागो त्या पेपरला!

आता आमच्यात कोणी जयभीम म्हटलं आणि समोरच्यानं परत म्हटलं नाही, असं होतं का कधी? धड उभं राहता न येणारं लेकरूही हात जोडतं. बाबांना बघायला माणसं यायची. बाबा अगदी कळवळून जयभीम म्हणायचे, की सगळ्यांचे हात जोडलेले, "जयभीम दादा, जयभीम!" मग तीच माणसं खूश होऊन आईला सांगायची, "वहिनी, दादा तं बराबर बोलून राह्यले. कायची चिंता करता?" आईचा चेहरा फुलायचा. मी काही बोलायला लागले की तो पुन्हा मिटायचा.

मी एका पुठ्ठ्यावर चित्रं काढली. ग्लास, पंखा, संडास, दुखणारं पोट. जे पाहिजे त्यावर बाबांनी डाव्या हाताचं बोट ठेवायचं, बस. एकदा त्यांनी ग्लासवर बोट ठेवलं, मी पाणी दिलं, ते घटाघटा प्यायले. मी नाचायचीच बाकी होते. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा जागेवर नाही. आईनं कपाटामागे सारला होता.

"काहून वं आई?"

"मुक्यायले देतात तसे चित्रं कायले देतं त्यायले? येनारे-जानारे पाहतात. बोलतात ना थे! बोट काहून दाखवाव त्यायनं?"

"आई, थे बोलनं नाई होय. एकच शब्द..."

"जयभीम बोलनं नाई होय म्हनतं? माह्या घरात उभं राहून?"

मी फोन घेऊन बाहेर आले. कॉलेजातल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, घरच्या माणसावर आपण उपचार करू नये, जवळच्या थेरपिस्टला दाखव. जवळचा म्हणजे अकोला. जीप करून नेलं. तिथल्या बाईंनीही पुठ्ठ्याचंच सांगितलं. आईनं सगळं ऐकून मान डोलावली आणि घरी येऊन पुठ्ठा होता तिथंच राहू दिला.

एका रविवारी वंदना झाल्यावर विहारातून माणसं आली. मी आत चहा मांडला होता. बाहेर बाबा म्हणाले, जयभीम. सगळ्यांनी उत्तर दिलं. बाबा पुन्हा म्हणाले, आवाज जरा चढवून. सगळ्यांनी पुन्हा उत्तर दिलं, कौतुकानं हसत. तिसऱ्यांदा तो आवाज कानावर पडला तेव्हा मला कळलं. मला उठवा, संडासला न्या, असं म्हणत होते ते. मी चहा तसाच टाकून धावले. पायजमा, चादर, सगळं ओलं झालं होतं आणि माणसं अजून हात जोडून उभी होती.

गाडीत कोणी शर्टाचं बटण उघडं ठेवून चढलं तर त्याला टोकणारा माझा बाप. त्यांनी डावा हात डोळ्यांवर घेतला आणि रडले. रडतानाही तोंडातून तोच शब्द. एका म्हाताऱ्या काकांनी सवयीनं त्यालाही हळूच उत्तर दिलं. कोणावर ओरडणार होते मी? सगळी चांगली माणसं होती, भेटायला आली होती.

माणसं गेल्यावर आईनं स्वतः कपाटामागून पुठ्ठा काढला, पदरानं पुसला आणि बाबांपुढे धरला. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी घरी होते तोवर त्यांनी त्या पुठ्ठ्याला परत बोट लावलं नाही. आई समजवायची, मी समजवायची, शेवटी मी चिडून ओरडलेसुद्धा. ते भिंतीकडेच बघत राहायचे.

कॉलेज सुरू झालं तशी मी परत आले. इथल्या क्लिनिकमध्ये मी दुसऱ्यांच्या वडलांपुढे चित्रं धरते. ते बोट ठेवतात, त्यांच्या लेकी मला थँक्यू म्हणतात.

परवा आईनं फोन बाबांच्या कानाला लावला.

"जयभीम," बाबा म्हणाले. सूर शेवटी वर चढलेला. काहीतरी विचारत होते.

"काय पाहिजे बाबा? काही दुखतं का? मी कधी येणार, असं म्हणता का?"

"जयभीम."

मग आईचा आवाज आला, "काय म्हनून राह्यले वं, बाई? मले नाई समजत. तू तं थेच शिकतं ना? तुले समजलं असन."

मला नव्हतं समजलं. बाबा वाट बघत होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"जयभीम, बाबा," मी म्हणाले.