त्यांनी बंद केलेली बॅटरी

माझे पती अंबडच्या एका कारखान्यात बॅटऱ्यांची झाकणं बसवत. डब्याच्या आणि झाकणाच्या कडा तापवून वितळवायच्या आणि लगेच एकमेकींवर दाबायच्या, की दोन्ही कायमचे एकजीव होतात. आतला वायू बाहेर पडावा म्हणून वरच्या बुचांना तेवढी बारीक छिद्रं ठेवतात. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरीही त्यांनीच अशी बंद केली होती. घरासाठी घेताना त्यांनी मुद्दाम आपल्या पाळीतली निवडली.

ते गेले आणि वर्षभरात ती बॅटरीही संपली. दुकानदार नवी घेऊन आला. जुनी उचलायला तो वाकला, तेव्हा मी विचारलं, "हिचं पुढे काय होतं?"

"फोडतात, मॅडम. आतलं शिसं काढून घेतात."

"मला नुसतं झाकण काढून द्याल?"

त्यानं कडेवरून अंगठा फिरवला. "हे निघायचं नाही. बसवणाऱ्यानं एकदम पक्कं बसवलंय. तुकडेच होतील. आणि झाकण घेऊन काय, लोणच्याच्या बरणीवर ठेवणार?"

मीही थोडं हसले. मग म्हटलं, "राहू द्या ती इथेच."

"अहो, आत ॲसिड आहे. उगाच जागा अडवेल."

"राहू द्या."

संध्याकाळी वीज गेली आणि नव्या बॅटरीवर दिवे लागले. मी जुनीच्या शेजारी जमिनीवर बसून होते. सांध्याची रेघ बोटांना चारही बाजूंनी सारखीच लागत होती. कुठेही फट नव्हती.