तिसरा कप

“मॅडम, कंपनी घेतो म्हणते. पण पँट्रीत माझा कप वेगळा ठेवणार,” मिलिंद म्हणाला. शेजारी त्याचे वडील, पोस्टातून निवृत्त झालेले साळवे, भिंतीकडे बघत बसले होते.

माझा दवाखाना सदाशिव पेठेत. साळव्यांच्या घरातली सगळी दुखणी माझ्याकडेच येतात. मिलिंद त्या घरातला पहिला इंजिनिअर. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत निवड झाली, पण मेडिकलमध्ये हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघाला आणि जॉइनिंग अडकलं.

हा लिव्हरला धरणारा विषाणू. काहींच्या रक्तात तो वर्षानुवर्षं राहतो. त्यांना आम्ही कॅरिअर म्हणतो. मिलिंदची लिव्हर ठणठणीत होती. औषध नको, दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी बघायची, एवढंच. हा आजार रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला होतो. कपातून होत नाही. की-बोर्डमधून तर नाहीच. तसं सर्टिफिकेट मी दिलं होतं. त्यावर कंपनीनं हा तोडगा काढला.

“नोकरी चांगली आहे, मॅडम. हो म्हणू का?”

आता साळवे बोलले. “माझ्या वडलांना गावच्या हॉटेलात वेगळा कप होता. बाहेर कुडाच्या भिंतीत खोचलेला. प्यायचा, आपणच विसळायचा, परत खोचायचा. पोराला इंजिनिअर केला तो त्याच कपासाठी?”

मला संताप आला. दुसऱ्या दिवशी मिलिंदला घेऊन मीच कंपनीत गेले. सदाशिव पेठेत दवाखाना कारण न सांगता बंद ठेवता येतो, ही एक सोय आहे.

एचआर मॅनेजर तरुण होते आणि फार सभ्य. चहा आला. त्यांना आणि मला मगमध्ये, मिलिंदला कागदी कपात. त्यानं दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

“मॅडम, आम्ही त्याचंच हित बघतोय. स्टाफमध्ये पॅनिक होईल.”

“स्टाफला कळेल कसं?”

“आमच्याकडून नाही कळणार. रिपोर्ट कॉन्फिडेन्शियल असतो.”

“मग वेगळा कप म्हणजे काय? नोटीसबोर्डच की.”

मी मिलिंदचा उष्टा कप उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. गार आणि अतिगोड होता. माझा मग त्याच्यापुढे सरकवला.

“तुम्ही डॉक्टर. लस घेतली असेल,” मॅनेजर म्हणाले.

“घेतली आहे. सुयांशी संबंध येतो म्हणून, चहासाठी नव्हे. काळजी असेल तर सगळ्या स्टाफला लस द्या. आणि कपाची अट मला सहीनिशी लेखी द्या. पेपरात छापायला बरी पडेल.”

“बॉसशी बोलून कळवतो.”

अट लेखी आली नाही. जॉइनिंग लेटर आलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी साळव्यांचा फोन आला. “जयभीम मॅडम. पोरगा सगळ्यांच्यातलाच मग घेऊन प्याला. विसळला कुणी, विचारलं मी. तिथं माणूस आहे म्हणे, सगळ्यांचे एकत्रच विसळतो.”

मिलिंदची लिव्हर अजून उत्तम आहे. ती सहा महिन्यांनी तपासली तरी चालते. कपाकडे मात्र रोज बघावं लागतं.