शेवंतीने अंडी टाकली नव्हती

बारा वर्षं टाळलेली गोष्ट आज सांगून टाकतो. आमच्या कोंबडीने अंडी टाकून दिली नव्हती. मी तिला बादलीत बुडवलं होतं.

चांदीपच्या आमच्या घरी बायकोने, म्हणजे नलूने, शेवंती कोंबडीला अकरा अंड्यांवर बसवलं आणि स्वतः चार दिवसांसाठी नालासोपाऱ्याला लेकीकडे गेली. शेवंती टोपलीत, डोळे अर्धे मिटून. दाणे नको, पाणी नको! पार हडकलेली. मला (स्वतःची दोन मुलं कधी वाढली ते न कळलेल्या माणसाला!) एकदम माया वाटली.

कुंपणापलीकडच्या भिकूभाऊंना म्हटलं, "कोंबडी खात नाही हो, नुसती बसून असते."

"खुडूक झाली आसंल, अंडी नसली तरी बसून ऱ्हाते. थंड पान्यात बुचकळा दोनदा, उतरंल खूळ."

मी चारदा बुचकळली! शेवंती किंचाळत पळाली ती थेट चिंचेवर. दुपारी भिकूभाऊ डोकावले.

"टोपलीत काय?"

"अंडी."

"अंडी? अवो, बसवलेली कोंबडी कोन बुचकळतं! आता तुमीच बसा!"

बसलो. अंडी शालीत गुंडाळून पोटाशी धरली आणि आरामखुर्चीत पडून राहिलो. बाहेर भातावर पिवळं ऊन लोळत होतं. पापण्या जड झाल्या. अकरा इवलाले जीव माझ्या श्वासाबरोबर वरखाली होतायत असं वाटू लागलं. तहान लागली, उठलो नाही. मुंगी चावली, हललो नाही. नुसतं बसून राहणं हेही काम असतं, हे साठीनंतर कळलं! अर्धवट झोपेत मला पिसं फुटली; मी मोठा, गोल, ऊबदार झालो...

आणि कूस बदलली. अकराची आठ झाली!

नलू परतली तोवर ती आठही गारठली होती.

"अहो, हे काय?"

"शेवंती... उठून गेली." (तसं खोटं नव्हतं.)

"अंडी टाकणारी कोंबडी मला नको. रविवारी रस्सा!"

"अगं, या वेळी सोड तिला."

"तुम्हाला काय कळतं पोरं वाढवण्यातलं?"

 खरं सांगायला तोंड उघडलं, जांभई दिली, मिटलं.

रविवारी शेवंती ताटात आली. शब्द तयार होते: "शेवंती, चूक माझी होती." पण भरल्या तोंडाने बोलायचं नाही, असं आमच्याकडे वळण आहे. आणि तोंड रिकामं होईपर्यंत नलूने दुसऱ्यांदा वाढलं!